न मारलेला चेंडू

नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या बेसबॉलमध्ये सामना जिंकण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे आणि तो प्रत्येक कोचला ठाऊक असतो. ज्या मुलांना बॅट नीट फिरवता येत नाही, त्यांना ती फिरवूच द्यायची नाही. ४६ फुटांवरून, १७ इंच रुंदीच्या प्लेटवर, समोरच्या मुलाच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात चेंडूमागून चेंडू टाकणं या वयाच्या पिचरला जमत नाही. पट्ट्याबाहेरून चार चेंडू गेले की बॅटरला पहिला बेस आपोआप मिळतो. त्याला वॉक म्हणतात. समोरचं लहानखुरं मूल बॅट खांद्यावर ठेवून नुसतं उभं राहिलं, तर बरेचदा पिचरच हरतो. ओळीने चार वॉक मिळाले की एक धाव. तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला कोच टोपीला हात लावतो, मग कमरेच्या पट्ट्याला. मूल मान डोलावतं आणि सांगितल्याप्रमाणे काहीही करत नाही. धाव होते, पालक टाळ्या वाजवतात.

मला इथे पडणारा प्रश्न खेळाचा नाही, धर्माचा आहे. मुलाच्या हातातलं कर्म, त्याच्या आणि संघाच्या भल्याचं नाव घेऊन, काढून घेण्याचा अधिकार मला आहे का?

मी न्यू जर्सीत राहते, दिवसा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि एप्रिल ते जून संध्याकाळी लिटल लीगच्या एका संघाची कोच असते. जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, शॉर्टस्टॉपला. त्यामुळे ग्लोव्ह, बेस, आऊट हे शब्द मला इथे येऊन शिकावे लागले नाहीत. लिटल लीगची सुरुवात १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने तीन संघांवर केली. आज ती जगभर पसरली आहे, तरी गावोगावी ती चालते ती आई-बापांच्या बिनपगारी श्रमांवरच. मैदानावर चुन्याच्या रेघा आम्हीच मारतो, पावसानंतर चिखल आम्हीच ओढतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर कुणा वरिष्ठाकडे मागता येत नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं.

माझ्या वडिलांच्या कपाटात टिळकांच्या गीतारहस्याची जाडजूड प्रत होती आणि विनोबांची गीता प्रवचनेही. गीता प्रवचने आमच्या खानदेशातली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या दोन पुस्तकांमुळे दुसऱ्या अध्यायातला कर्माच्या अधिकाराचा श्लोक घरात सारखा कानावर पडे. त्या श्लोकाचे चार चरण आहेत. लोक पहिले दोन सांगतात: अधिकार कर्मावर, फळावर नाही. चौथा चरण सहसा कुणी उच्चारत नाही. त्यात सांगितलं आहे की कर्म न करण्यातही गुंतू नकोस. मैदानावर उभी राहिले की मला हा चौथा चरणच आधी आठवतो. खांद्यावर बॅट ठेवून वॉकची वाट पाहणारं मूल फळात गुंतलेलं असतं आणि त्या फळासाठी अकर्मात. दोन्ही गुंतवणुकी त्याच्या नाहीत, त्या तिसऱ्या बेसजवळून आलेल्या आहेत.

यावर कुणी म्हणेल, चेंडू सोडणं हेही कौशल्यच आहे. अगदी बरोबर, आणि खरा मुद्दा तिथेच आहे. बेसबॉलमधला नावाजलेला बॅटर टेड विल्यम्स याने १९४१ साली ०.४०६ सरासरी काढली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कुणीही चारशेला, म्हणजे ०.४००ला, पोहोचलेलं नाही. त्याच वर्षी त्याने १४७ वॉक घेतले होते. ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या त्याच्या पुस्तकात त्याने स्ट्राइकचा पट्टा ७७ चेंडूंत वाटून दाखवला आहे आणि कुठल्या जागी आलेल्या चेंडूवर आपण किती यशस्वी ठरू, ते प्रत्येकावर लिहिलं आहे. त्याचा सोडलेला चेंडू हा पाहिलेला, जोखलेला आणि नाकारलेला चेंडू होता. चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला शहाणा म्हटलं आहे. त्यावर मोठमोठी भाष्यं झाली आहेत. मला तो श्लोक उलगडला तो स्कोअरबुकच्या चौकटीत. विल्यम्सचा वॉक आणि हुकुमावरून गप्प उभ्या राहिलेल्या मुलाचा वॉक तिथे एकाच खुणेने लिहिला जातो. एकात कर्म भरलेलं आहे, दुसऱ्यात कर्म झालेलंच नाही. स्कोअरबुकला हा फरक दिसत नाही. कोचला तो दिसलाच पाहिजे, नाहीतर ती तिथे कशासाठी उभी आहे?

सरावात मी मुलांना एक जुनी पद्धत शिकवते, इथले अनेक कोच ती वापरतात. प्रत्येक चेंडूला मनात ‘हो’ म्हणूनच सुरुवात करायची. पिचरचा हात वर गेला की हो, चेंडू सुटला की हो, पाय पुढे टाकतानाही हो. अगदी शेवटी चेंडू बाहेर चाललाय असं दिसलं, तरच नाही. नकार शेवटी येतो आणि तो मुलाचाच असतो. या वयात चेंडू ताशी ८० किलोमीटरने आला तर हे सगळं सुमारे सहा दशांश सेकंदात घडतं. तेवढ्या वेळात माझा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचून उपयोग नाही. शिवाय तिसऱ्या बेसजवळून मला चेंडू बाजूने दिसतो. तो प्लेटच्या आत आहे की बाहेर, हे मला तिथून कळतच नाही. ते मुलाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. जे त्याला माझ्याहून स्पष्ट दिसतंय, त्याबद्दल मी त्याला हुकूम देणं हा अधर्म आहे असं मी मानते. शब्द मोठा आहे, पण मी तो विचार करून वापरते आहे.

माझ्या सहायक कोचला हे पटत नाही. तो मनाने चांगला माणूस आहे, मुलांवर त्याचा जीव आहे. गेल्या वसंतात आमच्या संघात एक छोटीशी मुलगी होती, हेल्मेट सारखं डोळ्यांवर येणारी. ती बॅट फिरवायची, चेंडू हुकायचा आणि तीन स्ट्राइक होऊन ती आऊट व्हायची. तो म्हणाला, ‘‘तिला उभी राहू दे ना नुसती. वॉक मिळेल, बेसवर जाईल, खूश होईल. बाकीच्या मुलांनी का हरावं?’’ त्यातली करुणा खोटी नव्हती. हंगामभर एकदाही बेसवर न पोहोचलेलं मूल पुढच्या वर्षी नाव नोंदवत नाही, हे मीही पाहिलं आहे.

पण मला त्या क्षणी शेजारच्या होबोकेनची मारिया पेपे आठवली. १९७२ साली ती तिथल्या लिटल लीगच्या संघात खेळली आणि मुलगी आहे म्हणून तीन सामन्यांनंतर तिला बाहेर काढलं गेलं. प्रकरण न्यू जर्सीत न्यायासनापर्यंत गेलं आणि १९७४ साली मुलींना लिटल लीगचं दार उघडलं. तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं. तिने जे मिळवून दिलं ते प्लेटवर जाऊन नुसतं उभं राहण्यासाठी नव्हतं. लिटल लीगचा असाही नियम आहे की संघातल्या प्रत्येक मुलाला सामन्यात निदान एकदा बॅट आणि सहा आऊट होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालंच पाहिजे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. दुबळ्याला जागा द्या एवढंच न म्हणता त्याने ती जागा किती असावी हे मोजून दिलं आहे. आणि तो पाळूनही मोडता येतो: त्या मुलाला राइट फिल्डला ठेवा, कारण बहुतेक मुलं उजव्या हाताने खेळतात आणि चेंडू तिकडे क्वचित जातो. बॅट हातात द्या आणि फिरवू नकोस म्हणून सांगा. नियमाचं शरीर शाबूत राहतं, प्राण जातो.

‘बाकीच्या मुलांनी का हरावं’ याला मी काय उत्तर द्यावं? इथे मला टिळकांचा आधार वाटतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात त्यांनी पुष्कळांच्या पुष्कळ सुखावरून कर्माची नीती ठरवण्याचा पक्ष तपासला आहे आणि तो अपुरा ठरवला आहे. त्यात त्यांनी घेतलेलं एक उदाहरण अमेरिकेतल्या एका शहराचं आहे. ट्राम व्हायला हवी होती, परवानगीला उशीर होत होता, कंपनीने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम धावू लागली आणि सगळ्या गावाची सोय झाली. पुढे लाच उघडकीला आली, खटला झाला आणि व्यवस्थापकाला शिक्षा झाली. सोय खरी होती, तरीही कर्म वाईटच होतं, कारण त्यामागची बुद्धी वाईट होती. लहानपणी वडिलांनी हे उदाहरण सांगितलं तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. आता डगआऊटमध्ये बसून बॅटिंगचा क्रम लिहिताना ते जिवंत होतं. अकरा मुलांचा आनंद खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो एका मुलीच्या हातातली बॅट निर्जीव करून विकत घ्यायचा असेल, तर त्याची किंमत तिने द्यायची आणि हिशेब माझ्या नावावर लागायचा.

आणि तिला बेसवर पोहोचवायची माझी जबाबदारी यातून सुटत नाही, उलट वाढते. तिला दिलेली बॅट तिच्यासाठी जड होती. दोन इंच लहान, हलकी बॅट आणली. सरावाच्या आधी ती आणि मी, टी-वर चेंडू ठेवून. मग मी गुडघ्यावर बसून बाजूने हळू फेकलेले चेंडू. मग जाळीमागून, जवळून, समोरचे. डोकं स्थिर ठेवायला ती शिकली, मग मागचा पाय वळवायला. हे कष्टाचं आणि वेळखाऊ काम आहे. ‘फिरवू नकोस’ या हुकुमाची ओढ कशात आहे ते मला यातून कळलं: तो हुकूम कोचचे कष्ट वाचवतो. मुलाचं कर्म हिरावलं जातं तेव्हा बहुतेक वेळा मोठ्या माणसाचंही एक कर्म राहून गेलेलं असतं.

जून उजाडेपर्यंत तिने दोन-तीन चेंडू मारले, त्यातला एक पिचरच्या डोक्यावरून गेला. एवढंच. मी चमत्काराची गोष्ट सांगत नाही. तिच्या खेळीत आम्ही सामने गमावलेही. सहायकाने ते मला सांगितलं आणि ते खरं होतं.

मग कोचने गप्पच बसायचं का? नाही. पहिल्या बेसवरून धावत सुटलेल्या मुलाला पाहा. मागे आऊटफिल्डमध्ये चेंडू कुठे आहे, क्षेत्ररक्षकाने तो उचलला की त्याच्या हातून निसटला, हे त्याला दिसत नाही. पाहायला मान वळवली तर वेग मोडतो. म्हणून दुसऱ्या बेसकडे येताना तो माझ्याकडे बघतो. मी हात फिरवला तर धावत राहायचं, दोन्ही तळवे समोर धरले तर थांबायचं. तिथे माझा हुकूम चालतो आणि चाललाच पाहिजे, कारण चेंडू त्याच्या पाठीमागे आहे आणि माझ्या समोर. गीतेतला सारथीही असाच आहे. त्याला दिसतं ते तो सगळं सांगतो, अठरा अध्याय सांगतो आणि शेवटी अर्जुनाला म्हणतो की याचा पूर्ण विचार कर आणि तुला हवं ते कर. बाण तो स्वतः सोडत नाही. पण घोडे कुठे न्यायचे, हे त्याच्या हातात आहे. मी कधी बोलायचं आणि कधी नाही, हे मी यावरूनच ठरवते: मुलाला दिसतं तिथे ते त्याचं, त्याला दिसू शकत नाही तिथे माझं.

याची कसोटी बॅटपेक्षा पिचिंगमध्ये कठीण लागते. २००७ पासून लिटल लीगमध्ये मुलाने दिवसात किती चेंडू टाकायचे याला वयाप्रमाणे मर्यादा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७५. आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं वाढीचं हाड अजून कूर्चेचं, कच्चं असतं. प्रत्येक जोरदार फेकीला तिथे ओढ बसते. मोठ्या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध तुटतो, तर लहानांचं हे कच्चं हाडच दुखावतं. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातला स्नायुरज्जू बसवला, तो पुन्हा खेळू लागला आणि ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्या यशामुळे काही पालकांना वाटतं की कोपर गेलं तर दुरुस्त होतं. औषधांच्या दुकानात उभी राहून मी रोज दुरुस्त्यांची किंमत पाहते. मला तसं वाटत नाही.

आमचा सगळ्यात चांगला पिचर मराठी घरातला होता. एका सामन्यात शेवटच्या, सहाव्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेने पुढे होतो, त्याचे चेंडू साठीच्या पुढे गेले होते आणि दोन फेकींच्या मध्ये तो कोपराची आतली बाजू चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, काही होत नाहीये, मी टाकतो. त्याचे वडील कुंपणाजवळ आले.

‘‘ताई, दोनच आऊट हवेत. नियमात अजून दहा-बारा चेंडू आहेत.’’

‘‘आहेत. पण तो कोपर चोळतोय.’’

‘‘अहो, तो स्वतः म्हणतोय ना टाकतो म्हणून?’’

मी चेंडू त्याच्याकडून घेतला आणि दुसऱ्या मुलाला दिला. आम्ही एका धावेने हरलो.

इथे माझ्या बोलण्यात विसंगती दिसेल. बॅटरच्या हातून कर्म काढून घेऊ नये म्हणते आणि पिचरच्या हातून चेंडूच काढून घेते. पण हा मुलगा पाठीमागे चेंडू असलेल्या धावणाऱ्यासारखाच आहे. कोपरात काय चाललंय आणि ते पंधराव्या वर्षी कुठे जाईल, हे दहा वर्षांच्या मुलाला दिसू शकत नाही. त्याला समोरचा बॅटर दिसतो आणि दिसावाच. नियमातली मर्यादा ही कमाल असते, ती गाठायलाच हवी असं कुठेही म्हटलेलं नाही.

गाडीकडे जाताना त्याचे वडील मला म्हणाले, ‘‘त्याला ठेवलं असतं तर जिंकलो असतो.’’ मी म्हटलं, ‘‘बहुधा.’’ मला तेच वाटत होतं. माझा निर्णय योग्य होता हे सिद्ध करायला दुसरा पिचर जिंकून देईल, अशी माझी अपेक्षा नव्हती. त्याने जिंकून दिलं असतं, तरी निर्णय जास्त योग्य ठरला नसता.

निष्काम कर्माबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. एक इथल्या गोड स्वभावाच्या पालकांची: हरलो काय, जिंकलो काय, मुलांनी मजा केली ना! मुलांना हे खोटं लगेच कळतं. ती जिंकायला आलेली असतात, हरल्यावर डगआऊटमध्ये रडतात आणि ते रडणं मी थांबवत नाही. फळाची इच्छाच नसती तर त्याग कशाचा करायचा? दुसरी गोष्ट आपल्याकडच्या व्याख्यानांत ऐकू येते: फळाची आशा सोडा म्हणजे फळ अधिक मिळेल. फळावर डोळा ठेवणाऱ्याचं कामातलं लक्ष विस्कटतं, असं विनोबांनीही दाखवून दिलं आहे आणि बॅटरच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. स्कोअरबोर्डकडे बघणाऱ्याला चेंडू दिसत नाही. पण कोचने ते जिंकण्याची युक्ती म्हणून वापरलं की सोडलेली आशा मागच्या दाराने परत घरात येते. आम्ही हरतो तेव्हा त्याग खोटा होता असं नाही. तो हरण्याच्या दिवशीच कळतो.

टेड विल्यम्सकडे एकदा परत जाते. १९४१च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी ०.३९९५५ होती, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत धरली तर चारशे. बाहेर बसला असता तर आकडा हातात होता आणि व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला तशी मुभाही दिली होती. त्याने फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळले, आठपैकी सहा वेळा चेंडू मारून बेस गाठला. मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती ०.४०६ला टाळ्या वाजवतात. मी त्यांना विचारते, आठपैकी एकदाच मारला असता तर? तर आकडा चारशेच्या खाली गेला असता. मग त्याने खेळायला नको होतं का? यावर आमच्या संघात दरवर्षी भांडण होतं. काही मुलं ठामपणे सांगतात की बसायला हवं होतं. मी निकाल देत नाही. त्यांना वाद घालू देते, सराव दहा मिनिटं उशिरा सुरू होतो.

येत्या शनिवारी बादफेरीचा सामना आहे. समोरच्या संघाचे दोन्ही पिचर वेगवान आहेत पण चेंडू इकडेतिकडे टाकतात. सहायकाने कालच फोन करून सांगितलं की खालच्या चार बॅटरना उभं ठेवलं तर सामना आपला. हिशेब त्याचा बरोबर आहे. बॅटिंगचा क्रम मी लिहिला आहे, हेल्मेट डोळ्यांवर येणारी मुलगी त्यात सातवी आहे आणि तिला या वर्षी तिच्या मापाचं हेल्मेट मिळालं आहे. सहायकाला मी म्हटलं, ‘‘तिसऱ्या बेसजवळ मी उभी राहीन. खुणा धावणाऱ्यांना देईन, बॅटरना एकही नाही.’’ तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘‘मग शुक्रवारी त्या चौघांना अर्धा तास लवकर बोलाव, मी चेंडू टाकायला येतो.’’